सरकारांच्या जागेवरचा गूळ

सरकार मागच्या गादीवर टेकले की मोटार ‘कुईं’ करायची! उतरले की गप्प. यमाजी ड्रायव्हर एकटा गावभर फिरवून आणी, तर हूं की चूं नाही.

सरकारांच्या वाढदिवसाला शेजारच्या संस्थानचे राजेसाहेब आले आणि मोटारीत शेजारी बसले. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “काय हो, डिकीत उंदीर पाळलेत का?”

झालं! सरकारांचा पारा चढला.

“यमाजी, आवाज कुठून येतो ते उद्या सकाळी मला कळलं पाहिजे! एकही नट उघडायचा नाही. मागच्या मेकॅनिकनं खोलली तेव्हा दोन नट उरले होते! आणि माझ्या जागेवर कुणी बसलं, तर खबरदार! नाही जमलं, तर तू हत्तीखान्यात शेण काढायला!”

यमाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. “गादीवर कुणी बसल्याशिवाय ती बोलत नाही, आणि बसायचं तर नाही! वीस वर्षं स्टिअरिंग धरलं गं, आता फावडं धरायचं.” त्याचे डोळे भरून आले.

त्याची लेक ठकू रोज ती मोटार धुवायची. ती म्हणाली, “बाबा, विहिरीचा रहाट तरी रिकामा कुठं कुरकुरतो? पोहरा भरला की मगच! आज सकाळी वाढदिवसाला सरकारांना तराजूत बसवून त्यांची गुळानं तुला झाली ना? तो गूळ कुठाय?”

“कोठीत. का गं?”

“काही नाही!” ठकू गालात हसली.

सकाळी सरकार बाहेर आले आणि थबकलेच. त्यांच्या जागेवर शाल पांघरून गुळाच्या अकरा ढेपा विराजमान! वरच्या ढेपेला चक्क फेटा!

“हे कोण बसलंय माझ्या जागेवर?”

“दुसरं कुणी नाही, आपणच आहात सरकार!” ठकूनं मुजरा केला. “काल तराजूनंच भर दरबारात सांगितलं, जेवढे सरकार तेवढा गूळ! तराजू खोटा होता का?”

सरकार फेट्याकडे बघत बाजूला झाले. दरबारचा तराजू खोटा कसा म्हणायचा?

“दाबा बाबा!” यमाजीनं मागून मोटार खाली दाबली. कुईं! ठकूनं मागच्या उजव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. यमाजीनं दाबली, पुन्हा कुईं! मग डाव्या पाट्यांवर ओतलं. यमाजीनं दाबली, परत दाबली. मोटार गप्प!

“सापडला चोर!” ठकू ओरडली. “डावे पाटे कोरडे पडलेत, एकमेकांवर घासतायत. पाणी वाळेपर्यंत गप्प बसतील. तेल द्या, मग बघा!”

यमाजीनं लगेच तेल सोडलं. सरकारांनी मात्र डोळे बारीक केले.

“डावीकडे मी बसतो. म्हणजे माझं वजन वाढलंय, असं म्हणतेस?”

यमाजीला दरदरून घाम फुटला.

“छे छे!” ठकू म्हणाली. “ड्रायव्हरपुढं रडून बिचाऱ्या मोटारीला काय मिळणार? फिर्याद ऐकणारे सरकार! म्हणून आपण आलात की सांगायची!”

सरकार खदखदून हसले. “यमाजी, मोटार तुझ्याचकडे! आणि पोरी, हा सगळा गूळ तुझा. जा घेऊन!”

ठकू जागची हलेना.

“आता काय?”

“सरकारांना पाटीत घालून डोक्यावरून कसं नेऊ? लोक काय म्हणतील!”

सरकारांनी पोट धरलं. हसता हसता त्यांनी हातानंच यमाजीला खूण केली.

अकरा ढेपा फेट्यासकट मोटारीतून ठकूच्या दारी निघाल्या. रस्त्यातले लोक वाकून मुजरे करत होते, आणि मोटार? हूं की चूं नाही!