टेकडीची साक्ष

“पण मलगोंडालाच का, अक्का?”

अक्का मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“सांगलीहून माणसं आणतो,” निळकंठराव म्हणाले. “माझ्या ओळखीचे कंत्राटदार आहेत. मोठी मशिनं आहेत त्यांच्याकडे. ह्या मलगोंडाकडे काय आहे? एक जुना जेसीबी आणि चार मोडक्या ट्रॉल्या.”

“त्याची माणसं हितंच पंगतीला बसणार हायत.”

“म्हणून त्याला काम द्यायचं?”

अक्कांनी एक दाणा तोंडात टाकला.

निळकंठराव कुरणे यांनी सारी नोकरी सरकारी खोदाईवर काढली होती. तलाव, बांध, रस्त्यांचे भराव. कंत्राटदार त्यांना पाठीमागं काय म्हणत ते इथं लिहिण्याजोगं नाही. पण त्यांच्या मापात खोट कोणी काढली नाही, हेही खरं. निवृत्त झाल्यावर ते ह्या टेकडीवरच्या मठात येऊन राहिले. त्यांना एकच गोष्ट हवी होती. मठाच्या गुरू असलेल्या अक्कांचा अनुग्रह.

दरवर्षी ते मागत. दरवर्षी अक्का म्हणत, “बघू.”

ह्या वर्षी मात्र अक्का म्हणाल्या होत्या, “मागची जागा सपाट करून घे. झाली की ये.”

मठामागची जागा म्हणजे टेकडीचा उतार. चैत्रात भंडारा होई तेव्हा पंगत त्याच उतारावर बसे. वर मानकरी, खाली वाडीतली माणसं. वरच्याच्या पत्रावळीतली आमटी ओघळून खालच्याच्या भातात यायची. गावात हे विनोद म्हणून सांगत. खाली बसणाऱ्यांना त्यात फारसं हसू येत नसे.

“बरं,” निळकंठराव म्हणाले. “मलगोंडा तर मलगोंडा. पण काम माझ्या पद्धतीनं होईल.”

“व्हऊ दे की,” अक्का म्हणाल्या.

निळकंठरावांनी कंबर कसली.

पहिल्याच सकाळी त्यांनी उताराच्या मधोमध चुन्यानं एक गोल आखला. मलगोंडा बिरादार तंबाखू मळत बघत राहिला. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, खालच्या वाडीतला माणूस.

“एवढी माती सोडायची,” निळकंठरावांनी बजावलं. “हिच्या भोवतीनं खोदायचं. हिला बकेट लागता कामा नये.”

“कशापायी, साहेब?”

“साक्ष आहे ती. जमीन आधी कुठवर होती ते ती सांगणार. शेवटी हिची उंची मोजायची. तेवढी तुझी खोदाई.”

मलगोंडा हसला. “माझा आजा कुदळीनं तळी खोदायचा, तवा ठेवायचे असला खांब. आता ट्रॉल्या मोजत्यात.”

“ट्रॉली अर्धी भरूनही जाते.”

मलगोंडाचा तळहातावरचा अंगठा थांबला.

“मी हितंच ऱ्हातो, साहेब. पळून कुटं जाणार?”

“विश्वासाचा प्रश्न नाही. मापाचा आहे.”

विश्वासाचाच होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

“आणि वरचं गवत शाबूत पाहिजे,” निळकंठराव पुढं म्हणाले. “वर माती चढवून साक्ष उंच करणारे पाहिलेत मी. गवत हललं की मला कळतं.”

मलगोंडानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि मशीन सुरू करायची खूण केली.

काम चाललं. वरची बाजू आणि मधला भाग कापायचा, लागेल तेवढा मुरूम खालच्या बाजूला भरायचा, उरलेला ट्रॉल्यांनी बाहेर न्यायचा. मलगोंडानं आपल्या रिवाजाप्रमाणे खालच्या कडेला सगळा मुरूम एकदम ओतला. निळकंठरावांनी सगळा परत काढायला लावला.

“पातळ थर टाकायचा. पाणी मारायचं. रोलर फिरवायचा. मग दुसरा थर.”

“चिक्की करताय का साहेब?”

“एकदम ओतलास तर पावसाळ्यात निम्मी जागा खाली वाडीत येईल. तुझ्याच घरावर.”

ह्यात निळकंठराव शंभर टक्के बरोबर होते. मलगोंडा पुटपुटला, पायानं एक ढेकूळ लाथाडलं आणि थर टाकायला लागला. पुढं पुढं तर रोलर नीट फिरला नाही म्हणून तोच आपल्या ड्रायव्हरला, सिद्रामला, मागं पाठवायचा. निळकंठरावांनी ते पाहिलं. कौतुक वाटलं, पण तोंडानं काही म्हणाले नाहीत.

उतार खाली खाली जात राहिला. मधला खांब मात्र होता तिथंच राहिला, आणि म्हणून रोज उंच होत गेला. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग पुरुषभर.

फाल्गुनाचं ऊन. खांबावरचं गवत वाळायला लागलं.

गवत गेलं तर साक्ष काय राहिली? निळकंठराव रोज पहाटे आंघोळ करत, ओल्या पंच्यानं तांब्या घेऊन येत, दगडावर चढत आणि खांबाच्या माथ्यावर हळूहळू पाणी सोडत. धार वाकडी जाऊन माती धुपू नये म्हणून फार जपून. डोळे अर्धे मिटून.

शेताला निघालेल्या बाया वाटेवर थांबून बघायच्या.

एका सकाळी खांबाला कुंकवाचं बोट लागलेलं दिसलं.

निळकंठराव पुसायला गेले, मग थांबले. कुंकवानं काही माप बदलत नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पुढं हळद आली. बेलाची पानं आली. पायथ्याशी कोणी एक गुळगुळीत दगड आणून ठेवला, कोणी उदबत्ती खोचली. वाडीत लोक म्हणायला लागले, साहेबांचा देव लई कडक हाय, त्याच्या देखत मुरमाची पाटीसुद्धा इकडची तिकडं होत नाही.

साहेबांचा देव. निळकंठरावांच्या कानावर हे आलं, तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

अक्का रोज ओट्यावरून बघत. त्यांनी कधी काही विचारलं नाही.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी काम संपलं.

निळकंठरावांनी पाण्याची नळी लावून चारही कोपऱ्यांची पातळी तपासली. पाणी कुठं केसभरही वर-खाली नव्हतं. मग टेप लावून खांबाची उंची घेतली. मलगोंडानं टेपवर वाकून पाहिलं.

“कबूल?”

“कबूल, साहेब. माझ्या ट्रॉल्याबी तेवढंच सांगत्यात.”

निळकंठरावांनी त्याच्याकडं पाहिलं. ट्रॉल्या भरून गेल्या होत्या, सगळ्या. इतके दिवस ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला, त्या माणसानं त्यांना फसवलं नव्हतं.

“हं,” ते म्हणाले. “आता हा काढून टाक.”

मलगोंडानं सिद्रामकडं पाहिलं. सिद्रामनं मशीन बंद केलं आणि खाली उतरला.

“काय झालं?”

“मी न्हाई लावणार बकेट,” सिद्राम म्हणाला. त्यानं चप्पल काढून ठेवली होती.

“अरे, माती आहे ती.”

“व्हय,” मलगोंडा म्हणाला. “तुमी पानी घालत हुता, तवाबी मातीच हुती.”

निळकंठराव टेप गुंडाळू लागले.

“मला ठावं हाय साहेब, त्यो काय हाय ते,” मलगोंडा जरा नरमाईनं म्हणाला. “पर माझी आई कालच नारळ फोडून गेली हितं. घरी कुठल्या तोंडानं जाऊ?”

उद्या पंगत. आणि पंगतीच्या मधोमध हा उभा. निळकंठराव खांबाकडं पाठ करून मठाकडं चालू लागले. एवढ्या एका खांबावरून अनुग्रह अडायला नको होता.

“अक्का, जागा सपाट झाली.”

अक्का आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातावर घडी घातलेली काळी घोंगडी होती. ज्याला अनुग्रह द्यायचा त्याला ह्याच घोंगडीवर बसवत. इतक्या वर्षांत ती घोंगडी आपल्यासाठी बाहेर आलेली निळकंठरावांनी प्रथमच पाहिली.

अक्का अनवाणी चालत जागेच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेल्या. पायानं चाचपत. परत आल्या, आणि खांबापाशी थांबल्या.

“चांगली झाली,” त्या म्हणाल्या. “ह्यो कोण?”

“साक्ष आहे, अक्का. किती खोदलं ते मोजायला.”

“मोजलं?”

“मोजलं.”

“मग उभा का?”

“त्याला कोणी हात लावत नाही. लोकांनी देव केलाय त्याचा.”

“पानी कुणी घातलं?”

“मी.”

अक्कांनी मान हलवली. घोंगडी काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि खांबापुढं वाकून नमस्कार केला. थट्टा म्हणून नाही. देवाला करतात तसा.

निळकंठरावांचे कान तापले.

“अक्का, एक करता येईल,” ते घाईनं म्हणाले. “ह्याच्याभोवती छोटा ओटा बांधू. लोकांच्या भावनाही राहतील. इथं केवढी टेकडी होती, ते पुढच्या माणसांना कळेल. पंगत दोन्ही बाजूंनी बसेल.”

“तू कुठल्या बाजूला बसशील?”

अक्का तिथंच, खांबाच्या सावलीत, जमिनीवर बसल्या. घोंगडी अंथरली नाही. मांडीवर ठेवली.

निळकंठरावांनी सदरा काढून बाजूला ठेवला. पायथ्याचा दगड उचलून जागेच्या कडेच्या लिंबाखाली नेऊन ठेवला, बेलाची पानं गोळा करून त्याच्यावर वाहिली. परत आले आणि मलगोंडापुढं हात केला.

“कुदळ दे.”

“साहेब, तुमाला न्हाई जमायचं. जुनी माती हाय, आतनं दगडासारखी.”

“दे.”

पहिला घाव उडून परत आला. दुसराही. साऱ्या टेकडीवर कधी बकेट चालली, कधी रोलर फिरला. ही माती मात्र कशालाही सामोरी गेली नव्हती. तिला कोणी हात लावू नये, हे पाहायला निळकंठराव स्वतः उभे होते.

ते मारत राहिले.

कुंकवाचं ढेकूळ सुटून पडलं, तेव्हा कडेला जमलेल्या बायांपैकी कोणीतरी “अगं बाई” म्हणालं. निळकंठरावांचा हात क्षणभर अडला. भीती वाटली त्यांना. देवाची नव्हे. उद्यापासून लोक आपल्याकडं कसे बघतील, ह्याची. ती भीती तशीच ठेवून त्यांनी कुदळ पुन्हा उचलली.

तळहाताला फोड आले, फुटले. पंच्याची पट्टी फाडून त्यांनी हाताला गुंडाळली. सिद्राम पाणी घेऊन आला. ते प्यायले आणि पुन्हा कुदळ धरली. खांब कमरेएवढा झाला.

कधीतरी त्यांना शेजारी फावड्याचा आवाज ऐकू आला. मलगोंडा पडलेली माती घमेल्यात भरत होता.

“तू हात लावणार नव्हतास.”

“फोडली तुमी. पडलेली माती उचलाय माझं काय जातंय?” त्यानं घमेलं खांद्यावर घेतलं. “कुटं टाकू? मोजणार असाल तर येगळी ठेवतो.”

निळकंठरावांनी कपाळावरचा घाम पुसला.

“टाक कुठंही,” ते म्हणाले.

मलगोंडा क्षणभर बघत राहिला आणि मग घमेलं घेऊन गेला.

ऊन कलत आलं. खांब गुडघ्याएवढा झाला, मग वीतभर, मग नुसता एक उंचवटा. शेवटी निळकंठराव गुडघ्यांवर बसले आणि राहिलेली माती हातांनी सारवल्यासारखी पसरू लागले. मलगोंडानं वरून पाणी शिंपडलं. दोघांनी मिळून पायांनी तुडवली. सिद्रामनं न सांगता रोलर आणला आणि तेवढ्यावरून फिरवला.

पाण्याची नळी तिथंच पडली होती. ती लावून पातळी बघायची निळकंठरावांना आठवणही झाली नाही.

अक्का अजून बसल्या होत्या. सावली केव्हाच गेली होती, तरी जागच्या हलल्या नव्हत्या. निळकंठराव त्यांच्यापुढं येऊन उभे राहिले. भुवयांपर्यंत माती, हाताची पट्टी लाल झालेली.

अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं.

“किती खोदलंस रं?”

सवयीनं निळकंठराव मागं वळले. सगळीकडं सारखी जमीन होती. खांब नेमका कुठं होता, तेही आता सांगता आलं नसतं...

“कशावरून सांगू, अक्का?”

अक्का उठल्या. मांडीवरची घोंगडी त्यांनी झटकली आणि त्या मोकळ्या जमिनीवर अंथरली.

“मग बस आता.”