बकुळीच्या शंखाला भोक

एक होती गोगलगाय. तिचं नाव बकुळी.
एक दिवस वरून दगड पडला. टण्! बकुळीच्या शंखाला भोक पडलं. भोकातून वारा आला. भुर्र भुर्र!
चुना खाल्ला, की शंख वाढतो. शंख वाढला, की भोक बुजतं. बकुळी निघाली. लुबुक लुबुक.

"मातीताई, मातीताई, चुना दे!"
"देते की! नदी आणेल, तर मी देईन."

लुबुक लुबुक.
"नदीबाई, नदीबाई, चुना आण!
माती देत नाही,
भोक बुजत नाही. भुर्र भुर्र!"
"आणते की! डोंगर झिजेल, तर मी आणीन."

लुबुक लुबुक.
"डोंगरदादा, डोंगरदादा, झिज ना!
नदी आणत नाही,
माती देत नाही,
भोक बुजत नाही. भुर्र भुर्र!"
"झिजतो की! भूपट्टकाका सरकून मला वर उचलतील, तर मी झिजेन."

भूपट्टकाका कोण? जमिनीचा भलामोठा तुकडा. डोंगर त्यांच्या पाठीवर. गावं त्यांच्या पाठीवर. थाट केवढा!

"भूपट्टकाका, भूपट्टकाका, सरका ना!
डोंगर झिजत नाही,
नदी आणत नाही,
माती देत नाही,
भोक बुजत नाही. भुर्र भुर्र!"
"सरकतो की! तापूमामा ढकलेल, तर मी सरकेन."

"व्वा!" बकुळी म्हणाली. "चुना मागायला आले, तर सगळ्यांनी मलाच चुना लावला!"

तापूमामा जमिनीच्या खाली, खूप खोल. तापलेला, मऊ झालेला दगड. रटरट रटरट! बकुळी भेगेतून उतरली.
"तापूमामा, तापूमामा, ढकला ना!
काका सरकत नाहीत,
डोंगर झिजत नाही,
नदी आणत नाही,
माती देत नाही,
भोक बुजत नाही. भुर्र भुर्र!"
मामांनी नुसती कूस बदलली.
"असू दे, मामा. झोपा तुम्ही. तुमच्यावाचून कुणाचं काय अडलंय?"
मामांना आला राग. "मी झोपलोय? मी कधीचा हलतोय! हे बघ!"

मामांनी ढकललं. काका सरकले. किती? वर्षाला दोन बोटं!
"अगबाई! माझ्याहून हळू!"
बकुळी वर आली, शंखात बसली. शंभर वर्षं. हजार वर्षं. लाख वर्षं. घाई कुणाला होती?

सरकत सरकत काका शेजारच्या भूपट्टाला धडकले. धडाम्!
डोंगर वर गेला. वाऱ्यापावसात झिजला. भुरुभुरु!
नदीने चुना आणला. खळखळ!
मातीने चुना दिला.
बकुळीने खाल्ला. कुरुम कुरुम!
भोक बुजलं. वारा बाहेर. बकुळी आत.

मातीताई म्हणाली, "बघ! मागितलास, आणि लगेच दिला की नाही?"
"हो ना, ताई," बकुळी म्हणाली. "मला तर श्वास घ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही!"