खापरभर निखारे

गोदेच्या काठी एक भरभराटीचे नगर होते आणि तेथे एक धर्मशील राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरात एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. त्याची भांडी काही राजवाड्यात जात नसत. रांजण, घागरी, पणत्या, असा साधा धंदा. पण आगीची पारख त्याला अशी होती, की भांडी भाजायचा आवा उघडण्याआधीच तो आतले कच्चे किती, पक्के किती, ते सांगे.

त्याच्या शेजारी सुलसा नावाची म्हातारी राहत असे. ती डोंगरमाथ्यावरच्या गावाहून लग्न होऊन इथे आली, तेव्हा आईने डालग्यात घालून एक कोंबडी आणि एक कोंबडा आंदण दिला होता. पुढे दरड कोसळून ते गाव उठले. आई गेली, भाऊ कुठल्या कुठे पांगले. माहेर म्हणून उरली ती एवढी कोंबड्यांची जात. त्यांच्यातल्या कोंबड्याची बांग निराळीच असे. ती शेवटी लांबवर ओढलेली असे, पलीकडच्या डोंगरावर कुणाला हाक मारावी तशी. त्या बांगेने सुलसा पन्नास वर्षे जागी होत आली. डोळे उघडण्याआधी क्षणभर तिला वाटे, आपण आईच्या घरी आहोत आणि चूल पेटली आहे. नवरा होता तोवर तो रोज चेष्टा करी, "उठा, माहेरचं बोलावणं आलं." ती रागावल्यासारखे करी. तो गेल्यावर तिला त्या चेष्टेचीही आठवण येई.

त्या वर्षी चैत्रात म्हातारा कोंबडा मेला. वैशाखात कोंबडीने बारा पिल्ले काढली आणि दुसऱ्याच दिवशी मुंगसाने कोंबडी नेली. आता त्या जातीची एवढी बाराच पिल्ले जगात उरली होती.

सुलसा डगमगली नाही. बिनआईची पिल्ले आईने कशी वाढवली होती ते तिला पाठ होते. बांबूच्या तट्ट्याचे लहानसे गोल कडे करायचे, मधोमध भोकाभोकांचे मडके ठेवायचे, आणि दर प्रहराला त्यात खापरभर निखारे घालायचे. असे एकवीस दिवस. आई म्हणायची, "निखारा विझला की पिल्लू विझलं." सुलसेने त्यात तसूभर फरक केला नाही. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आईचे गाव असे होते, की तिथे वैशाखातही पांघरूण लागे. आणि हे नगर असे, की वैशाखात दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसे.

पिल्ले तट्ट्याला चिकटून बसू लागली. चोची उघड्या, पंख लोंबलेले, दाण्याकडे ढुंकून पाहत नव्हती. सुलसेला वाटले, गारठली बिचारी, आईसाठी आ वासतायत. तिने एका खापराऐवजी दोन घातले. अति तेथे माती म्हणतात ते खोटे नाही. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात पिल्ले मेली होती.

तेव्हा ती बोधिसत्त्वाच्या दारी आली.

"अरे बाबा, मला मोठं मडकं दे. ह्यात निखारे पुरत नाहीत. पाचच राहिलीत रे."

बोधिसत्त्व तिच्याबरोबर गेला. कड्यात डोकावताच त्याला सारे कळले. मडके उचलून बाहेर ठेवणे काही अवघड नव्हते. पण ते निखारे म्हणजे सुलसेची आई होती. आपली पाठ वळताच ती ते पुन्हा भरील, हे तो जाणून होता. म्हणून त्याने मडक्याला हात लावला नाही. तो उकिडवा बसला.

"काकी, तुमची आई निखारे घालायच्या आधी काय करायची?"

"काय करणार? खापर भरायची, घालायची."

"त्याच्या आधी?"

सुलसा कड्याकडे वळली. मग सावकाश म्हणाली, "आधी अशीच बसायची, तुझ्यासारखी. उलटा हात आत धरायची. अन् नुसती बघत राहायची. मी म्हणायची, आई, घाल ना गं लवकर. तर म्हणायची, थांब, पिल्लं काय म्हणतायत ते बघू दे."

"मग?"

"मग कधी खापरभर घालायची. कधी अर्धंच. अन् कधी..." तिची नजर मडक्याकडे गेली. "कधी भरलेलं खापर तसंच चुलीत रिकामं करायची."

एवढे बोलून ती स्वतःच खाली बसली. तिने उलटा हात आत धरला आणि चटकन मागे घेतला. मग कितीतरी वेळ ती त्या पाच पिल्लांकडे पाहत राहिली.

"ही गारठली नाहीत रे," ती म्हणाली. "ही माझ्या निखाऱ्यांपासून लांब पळतायत. मीच मारली सात."

"मायेनं मारली, काकी," बोधिसत्त्व म्हणाला. "आता मायेनंच पाच वाचवा."

तिने आपल्या हातांनी निखारे काढले. बोधिसत्त्वाने घरून आणखी तट्टे आणून कडे चौपट मोठे केले आणि आपल्या हातचे उथळ परळ पाण्याने भरून आत ठेवले. मडके एका कडेला सारले. पहाटे गारवा वाटला तरच त्यात चार निखारे घालायचे ठरले. "ज्याला ऊब हवी ते इकडे येईल, नको ते तिकडे जाईल," तो म्हणाला. "त्यांचं त्यांना कळतं. आपण बघत राहायचं." एक पिल्लू त्याच संध्याकाळी गेले. उरलेली चार पाणी प्याली, दाणे टिपू लागली आणि पेरलेल्या बियांसारखी कड्यात सगळीकडे विखरून निजली.

भाद्रपदातल्या एका पहाटे त्यांतल्या एका तरण्या कोंबड्याने फुटक्या गळ्याने बांग दिली. शेवट मात्र लांबवर ओढला. शेजारी चिखल मळणाऱ्या बोधिसत्त्वाचे हात थांबले. आत सुलसा डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, "उठते गं आई."

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, थेरी रुचिरेला, एका ज्येष्ठ भिक्षुणीला, सांगितली. रुचिरेची गुरू थंड पहाडी मुलखातली होती आणि शिष्यांना भर दुपारी चंक्रमणाला, म्हणजे येरझारा घालत ध्यान करायला, पाठवीत असे. रुचिरेनेही वैशाखाच्या उन्हात आपल्या नवख्या भिक्षुणींना तसेच पाठवले. दोघी चक्कर येऊन पडल्या, तिघी विहार सोडून गेल्या, आणि रुचिरा म्हणत होती, यांची श्रद्धाच कमी.

कथा संपवून शास्त्याने विचारले, "रुचिरे, तुझी गुरू तुम्हाला चालायला पाठवण्याआधी काय करीत असे?"

रुचिरेच्या डोळ्यांत पाणी आले. "भन्ते, ती आमच्या तळपायांना हात लावून पाहत असे."

"तेव्हाची सुलसा ती तूच. तिची आई ती तुझी गुरू. आणि तो कुंभार मी होतो," शास्ता म्हणाला. "जी आधी पाहते आणि मग देते, तिला करुणा म्हणतात."

रुचिरा उठली आणि त्या दोन आजारी भिक्षुणींच्या पायांशी जाऊन बसली.