वरचा मान, खालचं दूध

"दूध नासलं! आजही नासलं!"

जांभळखेडच्या गढीत रणधीरराव सरकारांचा आवाज घुमला आणि समोर उभ्या असलेल्या साळू गवळणीनं हातातली किटली खाली ठेवली. राज्य गेलं, हत्ती गेले, तोफा गंजल्या; सरकारांचा हट्ट तेवढा अजून खणखणीत होता.

"सकाळी ताजं दूध घालतेस म्हणे! फ्रीजमध्ये ठेवूनसुद्धा संध्याकाळी फाटतं. म्हणजे तुझं दूधच खोटं! आबासाहेब, चौकात दवंडी पिटवा. साळूचं दूध कुणी घेऊ नये!"

गढीचा रतीब गेला तर एक घर जाईल, पण नाव गेलं तर अख्खं गाव जाईल. पण म्हणून गप्प बसेल ती साळू कसली!

"सरकार, ज्या म्हशीचं दूध तुमाला, तिचंच साऱ्या गावाला. गावातलं टिकतंय, अन् तुमच्या थंड पेटीतलंच तेवढं नासतंय. मग म्हस खोटी का पेटी खोटी?"

कारभारी आबासाहेबांनी घाबरून डोळे मिटले.

"आमचा फ्रीज खोटा?" सरकार ताडकन उठले. "चल, दाखवतो! वर बर्फ बघ, दगडासारखा!"

त्यांनी फ्रीजचं वरचं दार उघडलं. आत आमरसाचे डबेच डबे! गढीचा रिवाजच तसा. पंगतीत सरकारांचा पाट वरच्या अंगाला, बैठकीत सरकारांची गादी वर, म्हणून फ्रीज आला तेव्हा सरकारांचा आमरसही वर आणि बाकीच्यांचं दूधदही खाली. डबे खुद्द सरकारांनी आपल्या हातांनी ठासून भरले होते. मुंगीला शिरायचं म्हटलं तरी तिला परवानगी काढावी लागली असती!

साळूनं खालचं दार उघडलं. दिवा लागला. यंत्राची घरघर चालू होती. दाराचं रबर चहूबाजूंनी घट्ट बसत होतं. पण आत हात घातला तर कपड्यांच्या ट्रंकेत घातल्यासारखं वाटलं. छताला एक बारीक जाळी होती. तिच्याखाली तळहात धरला, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. मग तिनं टाचा उंचावून वर डोकावलं. डब्यांच्या फटीतून मागच्या भिंतीला तशीच जाळी दिसली, आणि तिला डबे अगदी चिकटून बसलेले.

"सापडलं, सरकार! थंडी समदी वरच तयार होतीया, अन् त्या जाळीतनं खाली उतरतीया. तुमच्या डब्यांनी तिची वाटच अडवलीया. मागचे चार डबे काढले की..."

"खबरदार!" सरकार गरजले. "मानाची जागा आहे ती! आमच्याशिवाय त्या डब्यांना कुणी हात लावायचा नाही, आणि आम्ही तर मुळीच लावणार नाही. कारागीर आणायचा नाही, बटण फिरवायचं नाही. परवा सकाळपर्यंत याच पेटीत दूध टिकवून दाखव, नाहीतर दवंडी!"

सरकार निघून गेले. आबासाहेब कुजबुजले, "आता काय करशील गं बाई?"

"आता खरवस करीन," साळू म्हणाली. "तुमच्यासाठी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. सरकार कूलर लावून आडवे झाले होते. दाराशी पहारा आबासाहेबांचा, पण आबासाहेब खरवसाच्या वाटीत इतके बुडाले होते, की साळू आत कधी शिरली आणि बाहेर कधी आली, हे त्यांना दिसलंच नाही. निदान त्यांनी तरी तसंच सांगितलं.

थोड्याच वेळात आतून आरोळी आली. "आबासाहेब! मेलो! कूलर बंद पडला!"

"चालू आहे, सरकार. आवाज येतोय की."

"मग वारा कुठे गेला?"

घामानं निथळत सरकार उठून बघतात तो काय, कूलरच्या तोंडाशी कडब्याची ही भलीमोठी पेंढी! वर झेंडूचा हार, हळदकुंकू!

"कुणाचं हे काम?"

"माझं, सरकार," साळू दारातून म्हणाली.

"उचल ती आधी!"

"अगं बाई! मी कशी उचलू? कडबा सरकारांच्या शेतातला, मानाची पेंढी! तुमच्याशिवाय हिला कोण हात लावणार?"

"मान गेला खड्ड्यात! इथे जीव चाललाय आमचा!" म्हणत सरकारांनी स्वतःच पेंढी धरली आणि कोपऱ्यात भिरकावली. गार वाऱ्याचा झोत थेट तोंडावर आला. "हुश्श!"

"त्या पेटीतलं दूधबी हेच म्हणतंय, सरकार, 'वारा कुठं गेला?'"

सरकारांनी एकदा पेंढीकडे पाहिलं, एकदा साळूकडे. मग तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या हातांनी मागचे चार डबे ओढून काढले. दारं लावली. जरा वेळानं खालच्या जाळीपाशी हात नेला, तर बोटांना गारवा!

पण काढलेले चार डबे घेऊन सरकार अडून बसले. "मानाचा आमरस खाली आम्ही ठेवणार नाही. वर ठेवला तर वाट अडते. आता हा ठेवू कुठे? बोल!"

"पोटात, सरकार!" साळू म्हणाली. "तिथं कुणाची वाट अडत न्हाई!"

सरकार असे हसले, असे हसले, की मिशा ओल्या झाल्या. आबासाहेबांना पुऱ्या तळायचा हुकूम सुटला आणि त्या दुपारी गढीतल्या झाडलोट करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी आमरस ओरपला. साळूच्या घरी एक अख्खा डबा गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरकारांनी फ्रीजमधलं आदल्या दिवशीचं दूध तापवून घेतलं. वर साय आली, जाड!

"साळू, माग काय हवं ते!"

"जिथं दवंडी होणार हुती ना, त्याच चौकात कारभाऱ्यांनी पेलाभर माझं दूध प्यावं. बास!"

"कारभारी? कारभाऱ्यांचा काय संबंध?" सरकार कडाडले. "खोटं आम्ही म्हटलं, आम्हीच पिणार! आबासाहेब, पेला नको, तांब्या काढा! आणि तुपाचा रतीबही आजपासून साळूकडे!"

आणि खरोखरच, भर बाजाराच्या दिवशी, चौकातल्या पारावर उभं राहून रणधीरराव सरकारांनी तांब्याभर दूध घटाघटा पिऊन दाखवलं, आणि मिशीवरची साय न पुसता गावाला विचारलं, "आणखी कुणाला शंका?"