राणीच्या कुंडातली मरळ

पूर्वी गोदावरीच्या काठी एका नगरात सुषेण नावाचा राजा नीतीने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व मरळ माशाच्या कुळात जन्माला आले होते. मरळ कशी असते ते तुम्ही बाजारात पाहिलंच असेल. अंग काळपट, डोकं सापासारखं, आणि तोंड असं की समोरची मासोळी त्यात कधी गेली ते कळतसुद्धा नाही. पण तिची पिल्लं मात्र केशरी असतात, बरं का. काठाशी त्यांचा थवा वर आला की वाटतं, कुणाच्या हातून पूजेचं केशर पाण्यात सांडलं.

सुषेणाची राणी पुष्कला एकदा नदीवर गेली असता तिला असा थवा दिसला. तिने ओंजळ घातली आणि एक पिल्लू तिच्या हाती आलं. तेच बोधिसत्त्व.

महालाच्या चौकात राणीचं दगडी कुंड होतं. त्यात तिच्या माहेरच्या नदीतून आणलेल्या खवल्या होत्या. खवल्या म्हणजे बोटाएवढ्या रुपेरी मासोळ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

राणी म्हणाली, "रुप्यात केशर कसं शोभेल नाही?"

दासी रेवा म्हणाली, "शोभेल काय राणीसाहेब, दृष्ट लागेल!"

हे पिल्लू मोठं होऊन काय खाईल, ते दोघींच्याही मनात आलं नाही. रंग बघून सोबती ठरवले.

कुंडात खवल्यांची एक म्हातारी होती. तिने नव्या पिल्लाकडे पाहिलं आणि आपल्या लेकीसुनांना म्हणाली, "आईवेगळं लेकरू आहे. सरका गं जरा, सावलीतली जागा द्या त्याला." राणी कणकेच्या गोळ्या टाकी, तेव्हा म्हातारी एक गोळी त्याच्यासाठी ढकलून ठेवी. बोधिसत्त्व तिला मावशी म्हणू लागले.

दिवस गेले. केशरी रंग विटला, अंग काळं झालं, लांबलं. रेवा नाक मुरडून म्हणाली, "हे कुठलं ध्यान? काढून टाकू का?" पण राणी म्हणाली, "घरचं लेकरू काळं निघालं म्हणून कुणी टाकतं का?" बोधिसत्त्वांनी हे ऐकलं आणि मनात म्हणाले, केवढं हे माझं भाग्य! वर अशी राणी, खाली अशी मावशी.

कुंडाच्या तळाशी एक खेकडा राहत असे. तो उष्ट्याखरकट्यावर जगे. तो एक दिवस म्हणाला, "काय मरळोबा, कणीक गोड लागते का?"

"लागते, खेकडेमामा."

"एवढं तोंड देवाने कणीक खायला दिलं होय? अरे, रोज एक उचल. राणी काय शिरगणती करणार आहे? तुझं पोट भरेल, मला चार तुकडे मिळतील. पुण्य आपण दोघं वाटून घेऊ."

बोधिसत्त्व हसले आणि म्हणाले, "माझ्या वाटणीचंही तुम्हीच ठेवा, मामा."

आता खवल्यांमध्ये मावशीचा एक नातू होता, अगदी तांदळाएवढा. त्याला काय लळा लागला होता कोण जाणे. दुपारी सगळे विसावले की तो येऊन बोधिसत्त्वांच्या पराच्या सावलीत झोपे. एका दुपारी बोधिसत्त्वांचाही डोळा लागला होता. पिल्लाने झोपेत शेपूट हलवली, पाणी हललं, आणि बोधिसत्त्वांचं तोंड उघडून मिटलंसुद्धा. जिभेवर काहीतरी वळवळलं तेव्हा ते जागे झाले. त्यांनी झटकन तोंड उघडलं. पिल्लू बाहेर आलं, गिरकी घेतली, आणि आजीकडे पळालं.

बोधिसत्त्व सगळ्यांपासून दूर, कोपऱ्यात सरकले. मावशी जवळ आली.

"सोडलंस ना? मग झालं," ती म्हणाली. "एवढं मनाला लावून घेऊ नये."

"मावशी, आज जाग आली. उद्या नाही आली तर?"

आणि पिल्लाचं काय? ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन त्याच सावलीत झोपलं! पिल्लं ती, त्यांना कालचं आज कुठे आठवतं? बोधिसत्त्वांनी मात्र त्या दुपारी डोळा मिटला नाही. मी चांगला आहे एवढ्या भरवशावर या लेकराने झोपावं, हे बरं नव्हे, असं त्यांना वाटलं. माझं मन शहाणं आहे, पण माझं तोंड मनाला विचारून मिटत नाही.

मरळीला वरचा वारा घेऊन जगता येतं, आणि ओल्या जमिनीवरून ती सरपटतही जाते. सकाळी दासींनी चौक धुतला, तशी बोधिसत्त्वांनी कुंडाबाहेर उडी घेतली आणि ओल्या फरशीवरून ते मोरीकडे निघाले. मोरीचं पाणी नदीला मिळत होतं. अर्ध्यावर पोचले नाहीत तोच रेवा ओरडली, "अगबाई, मासा बाहेर पडला!" राणी धावत आली. तिने त्यांना पदरात उचललं आणि परत कुंडात सोडलं. "उपाशी असेल बिचारा," म्हणत तिने दुप्पट कणीक टाकली. पुन्हा पडू नये म्हणून कुंडावर जाळी बसवली.

बघा, कसं असतं. मायेनेच वाट बंद केली.

तेव्हा बोधिसत्त्वांनी खाणं सोडलं. राणीला काहीतरी उमजेल, असं त्यांना वाटलं. पण उपाशीपोटी त्यांना खवल्या अधिकच चकाकताना दिसू लागल्या. खेकडा नांग्या वाजवीत म्हणाला, "मरळोबा, पुण्य कुठवर पुरतं ते आता बघू." पिल्लू सावलीला आलं की बोधिसत्त्व कोपऱ्याकडे तोंड करून बसत. पिल्लाला तो खेळच वाटे. ते फिरून पुन्हा पुढे येई.

शेवटी राणी कुंडाच्या काठावर येऊन बसली. गोळी हातात धरून विनवू लागली, "खा रे बाबा. माझं काय चुकलं?"

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने म्हणाले, "आई, तुझं प्रेम चुकलं नाही. सोबत चुकली."

राणी दचकली. पण आई म्हणून हाक मारणाऱ्याचं भय किती वेळ वाटणार? ती ऐकू लागली.

"मला आणलंस तेव्हा तू माझा रंग पाहिलास, तोंड पाहिलं नाहीस. मी मरळ आहे. या घरात मी वाढलो, यांनी मला आपल्या तोंडचा घास दिला, आणि यातलंच एक लेकरू माझ्या तोंडात जाऊन आलं आहे. मला जाऊ दे."

"मी तुला वेगळं कुंड बांधून देते."

"आई, मरळीला मोठं पाणी लागतं. मला नदीत सोड."

राणीने जरा विचार करून विचारलं, "नदीत मासे नाहीत का?"

बोधिसत्त्व म्हणाले, "आहेत. मरळीचं पोट घेऊन आलो आहे, ते मला काढून ठेवता येत नाही. पण नदीत त्यांना पळायला जागा आहे, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास टाकलेला नाही. इथे चारी बाजूंनी दगड आहे, आणि माझ्या सावलीत कुणीतरी झोपतं."

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जाळी काढली आणि घागर बुडवली. बोधिसत्त्व घागरीत शिरण्याआधी मावशीपाशी गेले. "मावशी, तुझ्या गोळ्यांवर हे अंग वाढलं. रागावून जात नाही गं, ऋणी होऊन जातो."

मावशी म्हणाली, "जा लेका. आणि पोटभर खात जा."

कोण कुणाला हे म्हणतंय, बघा. राणीने घागर दासीच्या हाती दिली नाही. स्वतःच्या कडेवर घेऊन नदीवर गेली आणि लेकीला सासरी धाडावं तशी हळूच पाण्यात उपडी केली. त्यानंतर कुणी नवा मासा आणला, की ती आधी विचारी, "हा मोठा झाल्यावर केवढा होतो? खातो काय? कुणाच्या शेजारी सुखाने राहतो?" मगच त्याला कुंडात घेई. त्या कुंडात खवल्या म्हाताऱ्या होऊन मरत, भिऊन नाही.

ही कथा सांगून झाल्यावर तथागत बुद्ध जेतवन विहारात भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा खेकडा म्हणजे देवदत्त. राणी पुष्कला म्हणजे भिक्षुणी खेमा. मला घास देणारी मावशी ती महाप्रजापती गौतमी, या जन्मीही तिनेच मला वाढवलं. मरळ मीच होतो. आणि पराच्या सावलीत झोपणारं ते पिल्लू म्हणजे राहुल."

तथागतांचा मुलगा राहुल तेव्हा तिथेच बसला होता. आपल्याला निजलेलं ठेवून वडील घरातून का गेले, असं त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने उठून तथागतांच्या पायांवर डोकं ठेवलं.

या सद्गुणाला जाणते लोक नैष्क्रम्य पारमी म्हणतात. म्हणजे ज्यांचं बरं व्हावं असं वाटतं, त्यांच्यासाठी सुखाचं घर सोडून निघणं, आणि निघताना त्या घराचे उपकार न विसरणं.