मुक्या चढावर ढोल का वाजत नाही

डांबरी रस्त्यापासून वरच्या पळसांपर्यंत जाणारा हा जो चढ दिसतो ना, त्याला आमच्या बोरबोडीत मुका चढ म्हणतात. खाली डाव्या हाताला दगडमातीनं बुजवलेलं एक तोंड आहे. ती जुनी कोळशाची खाण. तुमच्या सहलीवाल्यानं तिथं 'भुताची खाण' अशी पाटी ठोकली आहे. मी ती उपटून टाकली होती. परत लागली.

मी श्यामराव कोवे. याच गावचा, खाणीतच नोकरी झाली. सहलीवाला मला वाट दाखवायला बोलावतो आणि निघताना दरवेळी सांगतो, "काका, जरा भीती वाटेल असं सांगा." तुमच्यासारखे पाहुणे नागपूर-पुण्याहून हातात भूत शोधायची, दिवे लागणारी यंत्रं घेऊन येतात. यंत्र वाजलं की ओरडतात, नाही वाजलं की मलाच विचारतात, "भूत कुठे आहे?" मी गोष्ट सांगायला लागतो, तर निम्मे जण फोटो काढत असतात. तेव्हा आज ती यंत्रं बंद करा, इथं दगडावर बसा आणि एकदा तरी पुरतं ऐकून घ्या.

गोऱ्या साहेबाच्या काळातली गोष्ट आहे, असं सांगतात. या टेकडीच्या पोटात तेव्हा नुकतंच काम सुरू झालं होतं. एके सकाळी माणसं आत गेली आणि मागे छत बसलं. धुरळा म्हणे पार गावापर्यंत आला. साहेबानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग म्हणाला, आता आत कोणी जिवंत नाही. कोळशाला आग लागेल या भीतीनं त्यानं खाणीचं तोंड बुजवून टाकायला लावलं. बायकांनी टाहो फोडला. त्यांत पोचू नावाच्या मजुराची बायको होती, भिवरा. तिच्याही बांगड्या त्याच दिवशी फोडल्या.

दुसऱ्या दिवशी सरपण घेऊन या चढावरून उतरणाऱ्या बायकांना पायाखालून आवाज आला. ठक, ठक. मोळ्या टाकून त्या पळत सुटल्या. गावात एकच बोलणं झालं, मेलेले शांत झाले नाहीत, भुतं ठोकून रायली. शेजारच्या खाणीतले मजूर कामावर जाईनात. काम थांबलं तसा ठेकेदार हवालदिल झाला. त्यानं एका नावाजलेल्या भगताला आणलं. भगत म्हणाला, भुतांचा आवाज ढोलाच्या आवाजानं दाबला पाहिजे. सूर्य उगवला की ढोल सुरू करायचे, मावळेपर्यंत थांबायचं नाही.

आणि ढोल सुरू झाले.

भिवरा त्या पहिल्याच दिवशी चढावर आली. तिनं जमिनीला कान लावला, हातातल्या दगडानं कातळावर ठोकलं. ढोलाच्या दणदणाटातही तिला वाटलं, खालून उत्तर आलं. ती उठून भगताकडे गेली.

"बाबा, आत माणसं जिवंत आहेत जी. थोडा वेळ ढोल थांबवा. तुमालेच ऐकू येईल."

"ढोल थांबला तर भूत वर येईल," भगत म्हणाला. "तुझा नवरा गेला, बाई. तुले असंच ऐकू येईल काही दिवस."

ती ठेकेदाराकडे गेली. ठेकेदार म्हणाला, साहेबाला विचार. ती बंगल्यावर गेली. तिथं फाटकावरच्या शिपायानं तिला आतच सोडलं नाही. घरी येऊन सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, तुमी तरी चला." म्हातारा रडायला लागला. लेकाबरोबर सुनेचंही डोकं गेलं, असं त्यानं शेजाऱ्यांना सांगितलं. सूर्य मावळला की ढोल थांबत, पण अंधारात या चढावर पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं. तिनं एकटीनं पहार घेऊन खणायला घेतलं. हातभर माती निघाली आणि खाली कातळ लागला. पहारेनं तिच्या हाताला फोड आले, ते फुटले. कातळाचं काही झालं नाही.

असे दिवस गेले. किती, ते कोणी एकसारखं सांगत नाही. रोज ती यायची आणि रोज एकच मागायची, थोडा वेळ थांबा. पुढं पुढं तर ती दिसली की पोरंसोरंही हसायची. पाहुण्यांनो, मागत काय होती ती? जागेवर उभं राहून ऐका, एवढंच.

शेवटी एका दुपारी ती विळा घेऊन आली. थेट ढोलवाल्यांच्या घोळक्यात शिरली. सगळ्यात मोठा ढोल लचमा नावाच्या माणसाचा होता. त्याचं कातडं तिनं उभं फाडलं. लचमानं तिला ढकललं, ती पडली, उठली आणि दुसरा ढोल फाडला. बाकीचे वाजवायचे थांबले. कोणी तिचे हात धरले, भगत शिव्या देत पुढं आला. लचमानं मारायला ढोल वाजवायचं टिपरू उचललं.

तेवढ्यात खालून आवाज आला. अगदी हलका, पण आला.

लचमाचा हात वरच राहिला, असं सांगतात. सगळे मागं सरकले. तो मात्र खाली बसला आणि मान वाकडी करून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ही माझी चाल आहे."

कोणाला काही कळेना. लचमानं टिपरू कातळावर आपटलं. दोन लांब, तीन जलद, त्याच्या ढोलाची रोजची चाल. खालून तीच चाल आली. त्यानं चाल बदलली. खालची चालही बदलली.

"भूतही वाजवू शकते," भगत म्हणाला.

"असेल भूत," लचमा म्हणाला. "भूत तर भूत. मी खणतो."

त्यानं फाटका ढोल बाजूला सारला आणि भिवराची पहार उचलली. दुसरा ढोलवाला आला, मग मजूर आले. संध्याकाळी साहेब घोड्यावरून आला. त्यानं सुरुंगाची दारू पाठवून दिली. त्याच रात्री वरून कातळ फोडत गेले. जिथं भोक पडलं तिथून आधी हात वर आला, काळा, लाकडासारखा वाळलेला. माणसं निघाली. सगळी नाही, पण निघाली. झिरपणाऱ्या पाण्यावर जगली होती. बायकांनी आपापली माणसं ओळखली, पदरानं तोंडं पुसली.

भिवरा भोकापाशी उभी होती. शेवटचा माणूस वर आला तो मादू, पोचूबरोबर काम करणारा. तिनं त्याला विचारलं, "पोचू?"

मादूला बोलवत नव्हतं. पाणी पाजल्यावर तो म्हणाला, "वहिनी, पयल्यापासून तोच ठोकत होता. वरून ढोल ऐकू यायचा. पोचू म्हणायचा, ऐका रे, गाव आपल्याले उत्तर देऊन रायलं, खणून रायलं. म्हणून तो ढोलाच्या चालीवर ठोकायचा. काल त्याचा हात थांबला. दगड मी घेतला."

काल. हा शब्द ऐकून चढावर कोणाला कोणाकडे बघवलं नाही, असं आमचा आजा सांगायचा.

भिवरा रडली नाही. ती फाटक्या ढोलापाशी गेली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "तो तुमाले हाक मारत होता, आन् तुमी त्याच्यावर ढोल बडवले. आता इथं पुन्हा वाजवाल तर माझी शपथ आहे. पयले ऐका. मग भूत म्हणा, देव म्हणा, काही म्हणा." लचमानं तिथंच तिच्या पायाशी टिपरू ठेवलं आणि शपथ घेतली. त्याच्यामागून गावानं घेतली. भिवरा पुढं खूप वर्षं जगली म्हणतात, पण भगताशी आणि सासऱ्याशी ती परत कधी बोलली नाही.

आता तुम्ही विचारणारच, तोंडावर दिसतंय. "काका, मग ती भिवरा इथं दिसते का?" नाही, दादा. पोचूही दिसत नाही. इथं भूत नव्हतंच, हीच तर गोष्ट आहे. भूत आहे म्हणणारे होते, म्हणून तो मेला. दर खेपेला मी हे सांगतो आणि दर खेपेला माणसं पाटीखाली फोटो काढून निघून जातात.

पण गाव विसरलं नाही. आजही बोरबोडीतली वरात या चढाशी आली की बँड थांबतो. नवरदेव घोड्यावरून उतरतो. फटाके नाहीत, गाणं नाही. बाहेरगावचे बँडवाले हुज्जत घालतात, त्यांना बाजूला घेऊन समजवावं लागतं. वरच्या पळसांपर्यंत सगळी वरात पायी, मुकाट चढते. फक्त एखादं लेकरू रडायला लागलं, तर त्याला कोणी गप्प करत नाही. आई त्याला खांद्यावर घेते आणि रडू देते. पुढचे लोक चालायचे थांबतात, मागं वळतात आणि त्याला काय पाहिजे ते आधी विचारतात.