पळालेल्या जनावराची गोष्ट

एकदा एक तरुण धनुर्विद्या शिकायला एका वृद्ध तिरंदाजाकडे येऊन राहिला होता. नेम बरा होता, हातही बळकट होता. पण चित्त एका जागी ठरेल तर शपथ. दर आठवड्याच्या बाजारात तो बाणासाठी नवे टोक घेई आणि पुढच्या बाजारापर्यंत त्याला त्यात खोट दिसू लागे. त्याच्या भात्यात सात बाण होते आणि सातांना सात तऱ्हेची टोके. अशा माणसाला चोखंदळ म्हणावे की छळलेला, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्या वर्षी कापणीला आलेल्या नाचणीत एक रानडुक्कर शिरू लागले. ते मारण्याचे काम पंचांनी या तरुणावर सोपवले. त्याची ही पहिलीच शिकार. पुढच्या बाजाराला सहा दिवस असताना त्याने शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून एक बाण सोडला. त्याला बाजारातले अगदी नवे टोक होते: उडताना दोन्ही पाती मिटलेली आणि लागताक्षणी फाकणारी. डुक्कर उधळले. बाण काही सापडला नाही. "चुकला," असे तरुणाने गावात सांगून टाकले. खरे म्हणजे त्याने तो धड शोधलाही नव्हता. लाजेपोटी तो झाडीत दोन पावले जाऊन परतला होता.

तेव्हापासून त्याला चैन नव्हते. जेवताना, बोलताना बोटे सारखी भात्यात. बाजाराच्या दिवशी उजाडताच तो गुरूंपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, व्यापाऱ्याकडे तीन पात्यांचं टोक आलंय म्हणे. ते घेऊ, की माझ्याकडचं रुंद लावू? की तुमच्यासारखं साधंच बरं? आज ठरवलंच पाहिजे. पंच रोज विचारतात."

"चल," असे म्हणून वृद्ध काठी घेऊन निघाला.

बाजार आला, पण वृद्ध थांबला नाही. व्यापाऱ्याने लांबूनच हाक दिली, "अहो पाहुणे, या टोकानं आठ सांबरं जागच्या जागी पडलीत!" तरुणाची मान तिकडे वळली, पाय मात्र गुरूंच्या मागे फरफटत राहिले. उतारावरून दोघे खालच्या वाडीत आले. तिथे एका झोपडीच्या अंगणात एक प्रौढ बाई पाय लांब करून बसली होती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तिच्या पायाला पाला बांधलेला होता.

"हिला पाणी भरून दे," वृद्धाने सांगितले.

बाणाचे टोक विचारायला आलेल्याला ओढ्यावर पिटाळायचे, हे कसले शिकवणे? तरुण मनातल्या मनात धुमसत होता. एक खेप झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ऊन चढले, बाजार मोडायची वेळ जवळ आली. तिसरी घागर उतरवताना, काहीतरी विचारायचे म्हणून त्याने विचारले, "मावशी, पायाला काय झालं?"

"डुकरानं फाडला. चार दिस झालं," बाई म्हणाली. "तीस वरसं त्या टेकाडावर गवत कापते मी. डुक्कर माणसाला बघून वाट सोडतंय. ह्यानं न्हाई सोडली. पुढचा पाय वढत हुतं, खांद्यावर माशा घोंगावत हुत्या. दिसलं तसं अंगावरच आलं. आन् जिथं ते लोळलं हुतं, तिथं ह्ये पडलेलं."

तिने छपराच्या गवतातून एक मोडका बाण ओढून काढला. टोकाचे एक पाते उघडलेच नव्हते. त्याच्या सांध्यात चिखल आणि रक्त सुकून बसले होते. दुसरे मुळातून तुटून गेले होते. बाणाची पिसे तरुणाने स्वतःच्या हाताने बांधली होती. ती ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

वृद्ध शांतपणे बोलू लागला. "कोणतं टोक खात्रीचं, असं तू विचारत होतास. व्यापाऱ्याला पडलेली आठ सांबरं ठाऊक आहेत, आणि तो खोटं बोलत नाही. पण पळालेल्या जनावराची गोष्ट बाजारात येत नसते. ते ज्याच्या वाटेत येतं, त्यालाच ती कळते. टोकाची परीक्षा ते नीट लागतं तेव्हा होत नाही. तिरकं लागलं, हाडावर बसलं, चिखलात पडलेलंच पुन्हा लावलं, तेव्हा होते. म्हणून ज्यात उघडण्या-मिटण्यासारखं काही नाही, जे एकसंध लोखंडाचं आहे, ज्याला तुझ्याच हातानं धार लावता येते, ते घ्यावं. आणि बाण सोडला की वाकून रक्त शोधावं. ते काम मात्र कुठलंच टोक तुझ्यासाठी करणार नाही."

तरुण बाईकडे वळला. "मावशी, हा बाण माझा आहे. मी चुकला म्हणालो, आणि पाहिलं नाही."

बाईने तो मोडका बाण त्याच्या हातात दिला.

"मुडद्या," ती म्हणाली, "माझा पाय भरंल. त्याचा खांदा भरायचा न्हाई. लोखंड घिऊन फिरतंय ते. आन् तू हितं घागरी काय वाहतोस? जा!"

तिच्या विळ्याच्या दगडावरच त्याने सर्वांत जुन्या, साध्या टोकाला धार लावली. मनगटावरचे केस निघेपर्यंत लावली. उरलेली टोके त्याने अंगणातच काढून ठेवली आणि तो टेकाडावर चढला. माग काढण्यात तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी करवंदीच्या जाळीत डुक्कर दिसले. हात शिवशिवत होता, तरीही त्याची पूर्ण कूस समोर येईपर्यंत तो थांबला. मग बाण सोडला. डुक्कर चार पावलांवर कोसळले, आणि तरुण यावेळी धावत त्याच्याजवळ गेला.

गावात डफ वाजला. पंच पुढे झाले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास रे पठ्ठ्या! एका बाणात पाडलंस!"

"एका नाही, दोन बाणांत," तरुण म्हणाला. "पहिला सात दिवस लागत होता."